आग लागलेल्या घरात माणूस शोधताना बंबवाले भिंत धरून का रांगतात? सरळ का जात नाहीत?

समोरचं दार (फोंडा)

नमस्कार. थोडं लांबेल, पण वाचा. मनातून जात नाहीये.

सव्वा महिना झाला. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, बरोबर माझ्या समोरच्या फ्लॅटला आग लागली. रात्रीचे पावणेदोन. टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डचं काहीतरी झालं, पडदा पेटला, मग सोफा. घरात फक्त आजी, वय ८१. मुलगा आणि सून सावंतवाडीला लग्नाला गेलेली, आणि जाताना 'रात्री जरा लक्ष ठेव गो' म्हणून चावी माझ्याकडेच देऊन गेलेली. जळका वास आला म्हणून मी उठले, जाऊन दार उघडलं, तर काळा धूर असा अंगावर आला की पायरीसुद्धा दिसेना. दार ओढून घेतलं आणि १०१ ला फोन लावला.

बंब लवकर आला, तक्रार त्याची नाही. दोघं जिन्याने वर आले. माझा जीव कासावीस, मी ओरडतेय, 'आजी मागच्या खोलीत आहे, मागच्या खोलीत!' आणि हे दोघं दारासमोर गुडघे टेकून शांतपणे मास्क चढवतायत. तिसऱ्याने त्यांच्याकडून एकेक बिल्ला घेतला, पाटीवर अडकवला, घड्याळ बघून काहीतरी लिहायला लागला. आत माणूस मरतंय आणि हा हजेरी घेतोय! मग पहिल्याने ग्लोव्ह काढून हाताची मागची बाजू दाराला लावली, जरासंच दार ढकललं, आणि दोघं आत गेले ते रांगत. उजवा हात भिंतीला. मागची खोली दारातून नाकासमोर आहे, १५ पावलं. ते वळले उजवीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला.

मला खाली पिटाळलं. मी धावत मागच्या बाजूला गेले, तिथून खोलीची खिडकी दिसते. थोड्या वेळाने आत टॉर्चचा उजेड हलला आणि धाडकन दार लावल्याचा आवाज आला. आतूनच! त्यांनी खोलीचं दार का लावावं? शेवटी आजीला बाहेर आणली ती नायटीच्या खांद्याला धरून, जमिनीवरून ओढत, पोतं ओढतात तशी.

आजी आता बरी आहे. बांबोळीच्या हॉस्पिटलात ६ दिवस होती. सापडली मात्र मागच्या खोलीत नाही, बाथरूममध्ये, दाराच्या मागे. मी 'मागची खोली, मागची खोली' करत होते, ते राहू दे आता.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याला नाइटक्लबच्या आगीत २५ माणसं गेली, तेव्हापासून सगळेच आगीवर बोलतात. पण आत शिरलेला माणूस नेमकं काय करतो हे कुणी सांगत नाही. कुणाला खरंच माहीत असेल तर सांगा. त्यांचं चुकलं की मला कळत नाही?

---

गोंयचो बाब

चुकलं म्हणजे काय, आपल्याकडे ट्रेनिंगच नाही. अमेरिकेत बघा, दार तोडून थेट आत. मी असतो तर आधी मागच्या खिडकीच्या काचा फोडून धूर बाहेर काढला असता, तोंडाला ओला टॉवेल आणि सरळ खोलीत. १५ पावलांना किती वेळ लागतो? पाटीवर वेळ लिहीत बसायचं म्हणजे सरकारी कारभार.

---

निवृत्त बंबवाला

बाय, तुमचं दोनदा वाचलं. ३१ वर्षं मी या नोकरीत काढली, आता नातवाला शाळेत सोडतो आणि आणतो. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं मला ठाऊक नाही. पण तुम्ही जे जे पाहिलंत ते इतकं नेमकं लिहिलंय की सांतिनेजच्या अग्निशमन केंद्रात शिकताना उस्तादाने घोकून घेतलेलं पान समोर उघडल्यासारखं वाटलं.

आधी धूर. सिनेमातल्या आगीत सगळं लख्ख दिसतं, हिरो पोराला उचलतो आणि चालत बाहेर येतो. खऱ्या घरात नाकासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. टॉर्च म्हणाल तर पावसात चोर्ला घाटात धुक्यावर गाडीचा अप्पर लाइट मारून बघा, उजेड उलटा आपल्याच तोंडावर येतो. तसंच. डोळे गेले की राहतात हात, पाय आणि कान. त्यातले कानही अर्धेच, कारण मास्कमध्ये आपलाच श्वास भात्यासारखा वाजत असतो. म्हणून शोधताना मधे मधे थांबायचं, दोघांनीही श्वास रोखायचा आणि ऐकायचं. खोकला, कण्हणं, नुसती घरघर. बऱ्याचदा माणूस असा कानानेच सापडतो.

आता भिंत. तुम्ही म्हणता १५ पावलं सरळ. दिवसा १५. पण माणूस डोळे बांधून सरळ चालत नाही, वाकडा जातो आणि आपण वाकडे चाललोय हे त्याला कळत नाही. मधे सोफा आला, त्याला वळसा घातला, की दिशा गेली. आता तुम्ही खोलीच्या मधोमध आहात, दार कुठे माहीत नाही, आणि पाठीवरची हवा सरतेय. भिंत धरली तर दिशा लक्षात ठेवावी लागत नाही. उजवा हात भिंतीला लावून आत गेलात, परतायचं झालं की जागेवर वळायचं आणि त्याच भिंतीला डावा हात लावायचा. आलेल्या दारातूनच बाहेर पडता. वाटेतलं प्रत्येक दार, प्रत्येक कोपरा आपोआप हाताखालून जातो. दुसरा माणूस पहिल्याच्या पायाला किंवा पट्ट्याला धरून असतो आणि मोकळा हात-पाय लांब पसरून खोलीचा मधला भाग चाचपतो. पाय म्हटलं तर हसू नका, पाय हातापेक्षा लांब असतो, पलंगाखाली पार भिंतीपर्यंत जातो.

हे मला कुणी सांगून पटलेलं नाही. नोकरीत नवा होतो. बार्देशातलं जुनं घर, पुढे बल्कांव म्हणजे बसायची ओसरी, मोठी साल म्हणजे हॉल, मधे राजांगण. कौलांतून धूर नुसता गळत होता. मी आणि माझा जोडीदार आत. आतून बाईच्या बोलण्याचा आवाज आला आणि मी भिंत सोडली. चार पावलं गेलो तोवर आवाज थांबला. हाताला लाकूड लागलं. म्हटलं बरं झालं, लाकडी पार्टिशन आहे. धरून पुढे सरकलो. सरकतोय, सरकतोय, कोपरा काही येईना. बिनकोपऱ्याची भिंत कुठे असते काय, पण तेव्हा डोकं चालत नाही हो. जेवणाचं गोल टेबल होतं ते. मी त्याला दोन प्रदक्षिणा घातल्या. जोडीदाराने मात्र दार सोडलं नव्हतं. माझा आवाज भलतीकडून येतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कुऱ्हाडीच्या पाठीने लादीवर ठोकायला सुरुवात केली. ठक ठक, ठक ठक. त्या आवाजावर रांगत आलो. बोलणारी बाई म्हणजे ट्रान्झिस्टर. घरची सगळी माणसं शेजाऱ्याच्या अंगणात उभी होती. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर मी कुठल्याही घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेरच्या चपला बघायला लागलो. किती जोड, मोठे किती, लहान किती. गोव्यात चप्पल खोटं बोलत नाही. शेजारी बोलतो. मुद्दाम नव्हे, घाबरून.

गोंयचो बाब यांनी अमेरिकेचं काढलंच आहे तर सांगतो. वूस्टर म्हणून शहर आहे, मॅसॅच्युसेट्स राज्यात. ३ डिसेंबर १९९९ ला तिथे शीतगृहाच्या जुन्या, रिकाम्या इमारतीला आग लागली. खिडक्या जवळजवळ नाहीत, आत भुलभुलैया. कळलं की दोन बेघर माणसं आत राहतात. शोधायला दोघं गेले, वाट चुकले, हवा संपली. त्यांना शोधायला बाकीचे गेले. अशा ६ जवानांचा जीव गेला. ती दोन माणसं आग लागल्यावर केव्हाच बाहेर पडली होती.

ओल्या टॉवेलबद्दल एकच. तो काजळी थोडी अडवेल, विषारी वायू अडवत नाही. आणि काच फोडायची ती आत पाण्याची लाइन तयार असताना, कुठून फोडायची हे ठरवून. दडपलेल्या आगीला नेमकी हवाच हवी असते. बाहेरच्याने उत्साहात मागची काच फोडली की आग त्या वाटेने येते, म्हणजे आजीच्या अंगावरून. तुम्ही दार उघडून परत ओढून घेतलंत ना, त्या रात्रीचं सगळ्यात मोठं काम ते होतं. ते ओढलं नसतंत तर बंब येईपर्यंत अख्खं घर पेटलेलं असतं.

पाटीचं उद्या लिहितो, जेवायला हाका येतायत.

---

समोरचं दार

काका, खूप आभार. दार ओढल्याबद्दल तर मी स्वतःलाच शिव्या देत होते. आजी आत आणि मी दार लावलं, असं.

एक विचारू? शेजारी घाबरून खोटं बोलतो असं तुम्ही लिहिलंत. मी तेच केलं ना? ती मागच्या खोलीत नव्हतीच. ते आधी तिथेच शोधत बसले असतील, माझं ऐकून.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, आगीतून आलेले पेशंट पाहिलेत. आजी बाथरूममध्ये का गेली याचं कोडं पडलं असेल तर, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. माणूस आधी गोंधळतो, मग मरगळतो. स्वतःच्या घरात दार समजून कपाट उघडतो. त्यात सोफ्याचा फोम जळला की सायनाइडचा वायूही निघतो. भाजण्याच्या कितीतरी आधी धूर माणसाला पाडतो.

आणि एक, कारण लोक यात फसतात. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं मशीन अशा वेळी ९८ दाखवू शकतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त यातला फरक कळत नाही. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला ४-५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन लावला की साधारण दीड तास. आजींना लगेच आणलं हे बरं केलंत.

---

निवृत्त बंबवाला

बाय, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी. पाटी राहू दे.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. ती रोज जिथे झोपते ते तुम्ही सांगितलंत, आणि आम्हाला तेच हवं असतं. रात्री पावणेदोनला ८१ वर्षांचं माणूस कुठे असेल? पलंगावर. त्यांनी तुमचं ऐकलं, म्हणूनच मागच्या खोलीत शिरून दार लावून शोधलं. पण ऐकलं म्हणून वाटेतलं काही सोडलं नाही. माहिती कुठून सुरू करायचं ते सांगते, कुठे थांबायचं ते नाही. तुमच्या ओरडण्यावर विसंबून ते नाकासमोर धावले असते, पलंग रिकामा बघून गोंधळले असते, आणि बाथरूम राहून गेलं असतं. भिंतीने त्यांना तिथे नेलं.

बाथरूमचं म्हणाल तर पुष्कळ माणसं अशाच जागी सापडतात. मोठी माणसं दाराजवळ, खिडकीखाली, दारामागे, म्हणजे बाहेर पडायला निघालेली आणि वाटेत कोसळलेली. पोरं उलट लपतात. पलंगाखाली, कपाटात, गाद्यांच्या ढिगामागे. बंबवाल्याचा मास्क आणि भसाभसा श्वास बघून तर आणखी आत सरकतात, म्हणून पोराचं घरचं नाव विचारून घ्यायचं आणि त्या नावाने हाक मारायची. एकदा 'बाबू, बाबू' करून थकलो, आईने बाहेरून 'पिंट्या म्हणा' सांगितलं तेव्हा देवघराच्या ओट्याखालून हुंदका आला.

दार ढकलल्यावर पूर्ण उघडत नसेल तर नवा माणूस म्हणतो, काहीतरी अडकलंय, पुढे चल. जुना माणूस थांबतो. दाराच्या फटीतून हात घालून खाली चाचपतो. अडकलेलं ते पुष्कळदा माणूसच असतं. तुमच्या आजीचं असंच झालं असणार, दाराच्या मागे म्हणालात ना. अशा वेळी दार जोरात लोटायचं नाही, फटीतून आत सरकायचं. हे सुचायला पाठीमागे थोडी नोकरी लागते. त्या पोरांना सुचलं, बरं वाटलं वाचून.

आता खोलीचं दार धाडकन लागलं ते. हे बाहेरच्याला सगळ्यात विचित्र दिसतं. आग हॉलमध्ये आहे, धूर आणि उष्णता पॅसेजमधून मागे येतेय. खोलीत शिरल्या शिरल्या दार लावलं की त्या खोलीपुरता येणारा धूर थांबला. आता खिडकी उघडली तर आहे तो निवळतो, आग ओढली जात नाही, आणि शोधायला दोन-तीन मिनिटं मिळतात. तुम्ही खालून बघत होतात, दार लागल्यावर खिडकीतून येणारा धूर हळूहळू पातळ झाला असेल, आठवून बघा. साधं फ्लश डोअर असतं आपलं, पण बंद असलं तर आगीला बराच वेळ अडवतं. एकाच घरात एका बाजूला सगळं कोळसा आणि बंद दाराआड उशीचा अभ्रा पांढरा, हे मी कितीदा पाहिलंय. रात्री झोपताना खोल्यांची दारं लावून झोपा. आमच्या घरी बायको म्हणते उकडतं. उकडू दे.

पाटी. पाठीवरचा सिलिंडर ६ लिटरचा, त्यात ३०० बारने दाबलेली हवा, म्हणजे १८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरलं तर कागदावर ४५ मिनिटं. पण जिना चढून, रांगून, माणूस ओढताना कुणी ४० लिटरवर श्वास घेत नाही. भीतीनेच दुप्पट होतो. ५० ते ५५ बार राहिले की शिट्टी वाजते, पण शिट्टी वाजल्यावर निघायचं नसतं, शिट्टी वाजेपर्यंत बाहेर असायचं असतं. आतल्याला धुरात गेज बघायला सुचत नाही, वेळेचा अंदाज तर पार सुटतो. म्हणून बाहेर एक माणूस. बिल्ल्यावर नाव, शिरताना प्रेशर किती, किती वाजता गेला. तो हिशेब करतो आणि वॉकीटॉकीवर सांगतो, परत फिर. नाही आला तर कोण, कुठे, किती हवा शिल्लक, हे त्यालाच माहीत. तुम्हाला हजेरी वाटली. आमच्यात त्या पाटीवर उभा असलेल्या माणसाला चहासाठीसुद्धा हलायची परवानगी नसते.

आणि दाराबाहेर मास्क चढवायचा तो यासाठी, की आत जाऊन चढवायला घेतला तर पहिल्या दोन श्वासांत धूरच घेशील.

हाताची मागची बाजू. दार तापलंय का हे तळव्यापेक्षा मागच्या बाजूला लवकर कळतं, आणि भाजलीच तर तळवा शाबूत राहतो, काम करायचा हात तो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अंधारात लोंबती वायर तळव्याला लागली तर शॉकने मूठ आवळते आणि वायर सुटत नाही. मागच्या बाजूला लागली तर हात झटकला जातो. म्हणून आम्ही अंधारात चाचपतो ते नेहमी उलट्या हाताने. अजून रात्री लाइट गेली की मी बाथरूमकडे तसाच जातो. नातू नक्कल करतो.

ओढत आणली त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उचललं असतं तर आजीचं डोकं उभ्या माणसाच्या छातीशी, म्हणजे नेमकं धुरात आणि उष्ण थरात गेलं असतं. छताजवळची हवा शेकडो अंशांत असते, लादीलगत त्या मानाने थंड आणि थोडीफार श्वास घेण्यासारखी. त्यात दोघं गुडघ्यांवर, दोघांच्या पाठीवर सिलिंडर, एक हात भिंतीला हवाच. खांद्याजवळचा कपडा धरायचा, म्हणजे मान आपल्या मनगटांवर टेकते, आणि लादीवरून सरकवायचं. दिसायला पोतं, पण त्याच्याइतकं जलद काही नाही. नायटीच होती हे बरं झालं. नववारी असती तर हातात नुसतं कापड आलं असतं.

---

म्हादई काठ

काका, हल्ली धुरातून दिसणारा थर्मल कॅमेरा असतो ना? मग भिंत वगैरे जुनं झालं की.

---

निवृत्त बंबवाला

असतो, आणि चांगला असतो. माणूस पडद्यावर उजळ दिसतो, शोधायचा वेळ पुष्कळ वाचतो. पण काचेतून तो पलीकडचं बघू शकत नाही. काचेचं सरकतं दार असलं तर पलीकडे माणूस असूनही दिसणार नाही. आरशाच्या कपाटासमोर गेलात तर त्यात तुम्ही स्वतःच दिसता, आणि 'सापडला!' म्हणून ओरडणारे मी पाहिलेत. गादीखालचं, गोधडीखालचं तो दाखवत नाही. आणि बॅटरी संपली की परत भिंतच. कॅमेरा हातात असला तरी एक खांदा भिंतीला असू दे, एवढंच सांगायचो पोरांना.

मोठ्या जागा वेगळ्या. गोदाम, हॉल, तळघर, तिथे भिंत धरून मधला भाग हाताला लागतच नाही. तिथे दाराला दोरी बांधून आत जायचं. त्या दोरीला ठरावीक अंतरावर दोन-दोन छोटी शेपटं असतात, एकाला गाठी, एक साधं. गाठीचं शेपूट ज्या बाजूला, ती बाहेरची वाट. अंधारात, ग्लोव्ह घालून, बोटांनी ओळखायचं. हडफड्याबद्दल मला बोलायला सांगू नका, मी तिथे नव्हतो.

बाय, तुमच्या खिडक्यांना ग्रिल आहे ना? पक्कं वेल्ड केलेलं? मागच्या खिडकीला शिडी लावून कुणी आत का शिरलं नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. त्याचं उत्तर ते ग्रिल. खरं तर ज्या खोलीत माणूस आहे असं पक्कं सांगितलंय तिथे थेट खिडकीतून शिरायचं, आधी जाऊन दार लावायचं, मग शोधायचं, ही सगळ्यात जलद रीत. ग्रिल कापत बसलं की तिचा उपयोग राहत नाही. चोराच्या आणि माकडांच्या भीतीने सगळा गोवा पिंजऱ्यात झोपतो. निदान एका खिडकीला आतून उघडणारा झडप-भाग करून घ्या, आणि त्याची चावी त्याच खिडकीजवळ खिळ्याला लावा. कपाटात नको.

---

समोरचं दार

काका, धूर पातळ झाला होता. तुम्ही लिहिल्यावर आठवलं. मला तेव्हा वाटलं, आत सगळं संपलं म्हणून धूर कमी झाला.

काल एक वेडेपणा केला. आमचा फ्लॅट त्यांच्यासारखाच आहे, फक्त आरशातल्यासारखा उलटा. मुलाने माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि मी दारातून आत रांगत निघाले, बाथरूमपर्यंत. आधी सरळ. १५ पावलांचं घर, ११ वर्षं राहतेय. टीपॉयला डोकं आपटलं, त्याला वळसा घातला, आणि मग पाच मिनिटं मी कुठे होते मला माहीत नाही. शेवटी मुलगा म्हणाला, 'आई, तू फ्रिजला धरून बसलीयस.' मला ते बाथरूमचं दार वाटत होतं.

मग परत दारात गेले आणि डावा हात भिंतीला लावून निघाले. चपलांचं स्टँड, स्वयंपाकघराची चौकट, ओटा, परत चौकट, पॅसेज, मागची खोली, पलंगाच्या तिन्ही बाजू, कपाट, बाहेर, आणि पुढचं दार बाथरूमचं. एकदाही अडले नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंद. काकांच्या भिंतीवर मुलाचा भारी विश्वास बसलाय, शाळेतून आल्यावर तो रांगतच आत येतो.

आजी समोर खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. त्यांचा हॉल अजून रंगवायचाय, दुपारची ती आमच्याकडेच असते. मी ओढणी सोडल्यावर तिने विचारलं, 'बाथरूमात कित्याक गो सोदता?' म्हटलं, तू तिथे सापडलीस म्हणून. तू तिथे गेलीसच कशाला? तर म्हणते, बादली भरायला. पडदा पेटलेला तिने पाहिला, पलंगावरून उठली, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, धूर आत यायला लागला म्हणून दार ओढून घेतलं. मग काही आठवत नाही.

'तू खालून आड्डत आशिल्लें तें मात आयकलें,' म्हणाली. बाथरूमची झडप मागच्याच बाजूला आहे. 'मागची खोली, मागची खोली. हांव म्हणतां, अगो, हांव थंय ना, हांगा आसां गो.'